धुऱ्यावरचे भाडेकरू

मुलांनो, मागच्या सोमवारची गोष्ट. मधली सुट्टी झाली, डबे उघडले आणि चौथीच्या वर्गात एकदम गलका उठला. "बाई, लवकर या! यानं मोहोळ आणलं!"

जाऊन पाहते तर शेवटच्या बाकावरच्या एका मुलाच्या डब्यात पोळीभाजी नव्हतीच. होती बाभळीची वीतभर फांदी आणि तिला लटकलेलं तळहाताएवढं मोहोळ. माशी एकही नाही. रविवारी हा पठ्ठ्या मामाच्या वावरात गेला होता. (आमच्या विदर्भात शेताला वावर म्हणतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.) तिथं मामेभावानं गोवरीचा धूर केला, माश्या उडाल्या आणि यानं फांदी मोडली. वरचा मध घरी चाटूनपुसून झाला. उरलेलं दोस्तांना दाखवायला आणलं होतं.

"पण बाई, खालचा मध खराब निघाला न. अळ्या पडल्या त्याच्यात."

मी फांदी हातात घेतली. खालच्या षट्कोनी घरांत पांढऱ्या, वाकून बसलेल्या अळ्या होत्या. एकही हालत नव्हती. मी म्हटलं, "मध खराब नाही झाला रे. खालच्या घरांत मध नसतोच. ही मधमाश्यांची पिल्लं आहेत."

सगळा वर्ग चूप. पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मग आता त्यायचं काय होईन?"

माश्यांवाचून त्यांना कोण भरवणार, कोण ऊब देणार? ती मेलेलीच होती. मी तसं सांगितलं. मुलाचा चेहरा उतरला. तुम्हाला वाटेल, बाईंनी त्याला चांगलंच रागावलं असेल. नाही रागावले. कारण त्यानं एक मोहोळ मोडलं होतं. मी याहून मोठा उद्योग करून बसलेली आहे. तोच आज तुम्हाला सांगते.

आमचं घर कळमन्यात. तुमच्यापैकी नागपूरच्या मुलांना कळमना म्हटलं की बाजार आठवेल. संत्र्यांचे ढीग, मिरच्यांची पोती आणि पहाटेपासून ट्रकांचे भोंगे. आमचं तीन एकरांचं वावर मात्र तिथून बरंच पुढं, भंडारा रोडच्या बाजूला आहे. ते सांभाळतात आमचे मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. त्यांच्यासोबत एक बैलजोडी, एक गाय, पाच बकऱ्या आणि डझनभर कोंबड्या. बैल गवळाऊ जातीचे. ही आपल्या वर्धा-नागपूर भागातली जात. पांढरी, अंगानं सडसडीत आणि चालायला भलती चपळ.

लग्न होऊन आले तेव्हा मला या वावरातलं सगळं आवडलं, एक गोष्ट सोडून. ती म्हणजे धुरा. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. शेजाऱ्यांचे धुरे कसे भांग पाडल्यासारखे साफ! आमच्या धुऱ्यावर मात्र बोराट्या, बाभळी, एक करंज, दोन पळस, रानतुळस आणि नावं ठाऊक नसलेली नाना झुडपं. त्यात पाय घालायला जागा नाही. मी इतवारीतली, गल्लीत वाढलेली. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाकडून आता साफसफाई होत नाही बिचाऱ्याच्यानं.

मे २०२२ मध्ये मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते महिनाभर नणंदेकडे राहिले. मला उन्हाळ्याची सुट्टी. ठरवलं, ते परत येतील तेव्हा धुरा असा चकचकीत करून ठेवायचा की पाहतच राहतील! दोन माणसं लावून झुडपं तोडली, आठवडाभर वाळू दिली आणि एका सकाळी स्वतःच्या हातानं काडी लावली.

नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळिसाच्या घरात. पाच मिनिटांत जाळ उभा राहिला आणि न तोडलेल्या बोराटीतही शिरला. त्या बोराटीतून काहीतरी तांबूस ढगासारखं वर उठलं. आधी वाटलं धूरच. मग लक्षात आलं, माश्या आहेत. जाळ निवल्यावर गेले तर काळ्या काडीवरून मेण ओघळून राखेत थिजलेलं होतं.

मामाजी आले. काळा चष्मा काढून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सूनबाई, भाडेकरू काढून टाकले तुम्ही. आता भाडं कोण देईन?"

मला काहीच उमजलं नाही. ते उमजायला पूर्ण पावसाळा जावा लागला.

आधी हे भाडेकरू कोण, ते सांगते. माझ्या काडीनं उडाल्या त्या फुलोरी माश्या. आपल्याकडच्या मधमाश्यांत या फार लहान. पोटाचा पुढचा भाग तांबडा आणि मागं काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. एकच पोळं बांधतात, तेही उघड्यावर, झुडपातल्या बारीक फांदीभोवती. वरच्या बाजूला मध आणि खाली पिल्लांची घरं. मुंग्यांनी चढू नये म्हणून फांदीच्या दोन्ही अंगांना चिकट डिंकाचं कडं करतात. आहे की नाही अक्कल! अंडं घातल्यापासून नवी माशी बाहेर पडेपर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे डब्यातल्या त्या अळ्यांना आणखी थोडेच दिवस हवे होते.

आणि यांचा नाच! चांगली फुलं सापडली की माशी घरी येऊन नाचते आणि बाकीच्यांना पत्ता सांगते. हे कोडं उलगडणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पेटीतल्या माश्यांना अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचावं लागतं, म्हणून त्यांची खूण जरा अवघड. फुलोरी माशी मात्र पोळ्याच्या माथ्यावर, मोकळ्या आभाळाखाली नाचते आणि थेट फुलांच्या दिशेलाच तोंड करून धावते. जणू बोट दाखवून सांगते, तिकडे जा! लांब उभं राहून, श्वास रोखून पाहिलं तर हे तुम्हालाही दिसेल.

या माश्यांना बारा महिने जेवण पाहिजे. आपलं बरं असतं, डाळ-तांदूळ डब्यात भरून ठेवता येतात. माश्याही मध साठवतात, पण फुलोरीचं घर तळहाताएवढं, त्यात साठा तो किती? म्हणून या महिन्यात हे फुललं, पुढच्यात ते, अशी साखळी लागते. आमच्या बाजूची साखळी अशी: हिवाळ्यात तूर फुलते, मग जवस आणि सांभार. (सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनो, इडलीबरोबरचं नव्हे!) जानेवारी-फेब्रुवारीत काटोल-नरखेडकडे संत्र्याचा आंबिया बहार येतो, तेव्हा तिकडची हवासुद्धा गोड होते. मग पळस, कडुनिंब, करंज आणि चिंच. पावसाळा लागला की मात्र तंगी. फुलं भिजलेली, उडायला उघाड नाही. तेव्हा बाभळीची पिवळी गोंड्यांसारखी फुलं आणि मका-ज्वारीचे पराग, यांच्यावर भागवायचं. पुढं भाद्रपदापासून बोराटीला बारीक हिरवट फुलं येतात. माणसांना ती दिसतही नाहीत, पण दुपारी झुडपाजवळ उभं राहिलं तर नुसता गुणगुणाट. आता या यादीतली पिकं बाजूला ठेवा आणि बघा, उरलेलं किती धुऱ्यावर होतं.

जनावरांचंही तसंच. उन्हाळ्यात चारा संपत येतो. तुरीचं, हरभऱ्याचं कुटार पुरवून पुरवून घालावं लागतं. तेव्हा बकऱ्यांना बाभळीच्या शेंगा आणि बोराटीचा पाला म्हणजे मेजवानी. दुसऱ्या दिवशी गोठ्यात बाभळीच्या बिया सापडायच्या, बकऱ्यांनी रवंथ करताना टाकलेल्या. लेंड्या आणि शेण पुन्हा वावरात. धुऱ्यावरून आलेलं धुऱ्याच्याच शेजारी जायचं. मामाजींच्या भाषेत हे सगळं भाडं.

ते बंद झाल्याचं पहिल्यांदा कळलं कोंबड्यांना. पहिला पाऊस पडला की वाळवीचे पंखवाले किडे निघतात, ते टिपायला पिल्लं घेऊन कोंबड्या वावरभर हिंडतात. आभाळात शिक्रा दिसला की कोंबडी एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं बोराटीत घुसतात. त्या वर्षी आवाज काढला, पिल्लं धावली, आणि घुसायला बोराटीच नव्हती. नऊपैकी चार उरली. मी अंगणातून पाहत होते.

मग बकऱ्या. जूनमध्ये दुकानातून ढेप आणावी लागली. मामाजी काही बोलले नाहीत, पण हिशेबाच्या वहीत "ढेप" हा शब्द जरा मोठ्या अक्षरात लिहिलेला मला दिसला.

आणि मग कोहळं. आमच्या घरी पोळ्याला कोहळ्याची भाजी लागतेच आणि उरलेली कोहळी कळमन्याच्या बाजारात जातात. वेलांना फुलं झकास आली. कोहळ्याच्या वेलावर दोन तऱ्हेची फुलं असतात, तुम्ही पाहिलीत का? नर फुलाचा देठ नुसता लांब असतो. मादी फुलाच्या मागं लाडवाएवढं इवलं कोहळं आधीच असतं. फूल पहाटे उमलतं आणि उन्हं वर आली की मिटतं. उघडतं ते एकदाच. तेवढ्या वेळात कुणीतरी नर फुलावरचे पराग मादी फुलावर नेऊन ठेवले पाहिजेत. परागांचे दाणे मोठे आणि चिकट. वाऱ्यानं काही जात नाहीत. हे काम माश्यांचं.

त्या वर्षी लाडवाएवढी कोहळी पिवळी पडून गळायला लागली. रोज पाच-सहा तरी. पोळ्याला आम्ही कोहळं विकत आणलं. ज्या बाजारात विकायचो तिथूनच!

सगळा दोष माझ्या काडीचाच होता, असं मी म्हणणार नाही. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भात पावसानं कहर केला होता, गावं पाण्यात होती. अशा झडीत माश्या असत्या तरी किती उडाल्या असत्या? पण ज्या सकाळी उघाड असायची, त्या सकाळीही आमच्या वेलांवर शुकशुकाट असायचा, हे मी रोज पाहत होते.

तेव्हा मी वर्गात सगळं खरं सांगितलं. हो, मी केलं तेही. पोरं क्षणभर पाहत राहिली. मग एक म्हणाला, "बाई, मग आपणच माश्या होऊ न!"

पुढच्या तीन रविवारी, आईवडिलांची परवानगी घेऊन, आठ-दहा पोरं सकाळी साडेसहाला वावरात हजर. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. ज्याला हात लावला त्याच्या देठाला लाल दोरा. वीस फुलांना दोरा बांधला, वीस तशीच सोडली. पंधरा दिवसांनी मोजलं. दोऱ्याची तेरा धरली होती. बिनदोऱ्याची चार. एवढंच काम करताना पोरांच्या पाठी भरून आल्या. एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाप्पा! माश्यायले पगार किती हो बाई?"

मामाजी खो खो हसले. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच.

वर्गात मग सूचना आली की आपण पेटीत मधमाश्या पाळू. विचार चांगला होता. योगायोग असा की ज्या मे २०२२ मध्ये मी धुरा जाळला, त्याच महिन्यात महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथं घरोघरी पेट्या आहेत, पण त्यात असते सातेरी माशी. तिला अंधाऱ्या ढोलीत राहायची सवय, म्हणून ती पेटीत रमते. फुलोरी पेटीत राहत नाही. तिला उघडं आभाळच हवं. आणि उंच पिंपळावर, पाण्याच्या टाकीखाली गाडीच्या चाकाएवढी पोळी लटकतात ती आग्या माशीची. तीही पेटीत राहत नाही. तिच्या वाटेला तर जायचंच नाही! खडा मारणं, फटाका लावणं, खाली धूर करणं, हे प्रकार माणसाच्या जिवावर बेतलेले आहेत. पालकांनो, कॉलनीत आग्या मोहोळ बसलं तर रॉकेलचा बोळा पेटवणाऱ्याला बोलावू नका, जाणकार माणूस शोधा. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या मंडळींनी आग्या मोहोळाचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा आणि पिल्लांचा भाग माश्यांसाठी ठेवायचा, ही रीत लोकांना शिकवली आहे. मध मिळतो आणि मोहोळही राहतं.

तर फुलोरी परत हवी असेल तर तिचं घरच परत हवं होतं. सुदैवानं बोराटी मोठी चिवट. वर जळाली तरी मुळातून फुटते. मामाजींनी त्या पावसाळ्यात धुऱ्याला कोणाला हात लावू दिला नाही, मला तर नाहीच. गाजरगवत तेवढं आम्ही उपटत होतो. धुऱ्यावर उगवलं ते सगळंच चांगलं, असा काही नियम नाही. माठाचं फुटकं बूड धुऱ्याशी ठेवून त्यात पाणी आणि गोटे टाकले. गोटे कशाला? माशीला उभं राहून पाणी पिता यावं, बुडू नये म्हणून. उन्हाळ्यात त्या पाणी नुसतं पीत नाहीत, घरी नेऊन पंखांनी वारा घालून पोळं गार करतात. आपला कूलर हो!

शेजारच्या वावरवाल्या काकांशीही बोलणं झालं. ते कपाशीवर सकाळी फवारणी करायचे, नेमकी माश्यांच्या फिरण्याच्या वेळेला. फवारू नका, असं आम्ही म्हटलं नाही. त्यांचंही पोट त्या कपाशीवर आहे. वेळ बदला, संध्याकाळी माश्या घरी गेल्यावर करा, एवढंच मागितलं. आणि तोंडाला फडकं, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका, असं मामाजींनी बजावलं. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. काका वेळेचं लगेच कबूल झाले. हातमोज्यांचं अजून मनावर घेतलेलं नाही.

२०२३ गेलं. बोराटी कमरेएवढी झाली, माश्या नाहीत. कोहळ्याला पुन्हा पोरं आणि पुन्हा लाल दोरे. २०२४ ची दिवाळी झाली, तूर पिवळीधमक फुलली होती, आणि मामाजींचा फोन आला. मी शाळेत, तास चालू. "सूनबाई, शाळा सुटली की सरळ इकडे या." मला वाटलं, बैलाला काही झालं. धावत गेले. ते धुऱ्यापासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसले होते. बोराटीत तांबूस, हलतं, लहानसं काहीतरी. रुपयाएवढं पोळं.

"बसा," म्हणाले, "नवे भाडेकरू आले."

तर हे सगळं मी सोमवारी त्या डब्यातल्या फांदीसमोर उभी राहून पुन्हा सांगितलं. यंदाच्या चौथीला ते नवीन होतं. ऐकून तो मुलगा म्हणाला, "बाई, मी हे परत नेऊन बांधू का?" पिल्लं तर वाचणार नव्हती. पण फुलोरी माश्यांची एक सवय मला ठाऊक होती. घर मोडलं तर त्या पुष्कळदा जवळच दुसरं बांधतात आणि जुन्या पोळ्याचं मेण खरवडून नव्या घराला वापरतात. मेण बनवायला मध खर्ची पडतो, मग तयार मेण कोण वाया घालवेल? मी म्हटलं, "बांधून ये. मामाला सोबत घे. लांबून पाहा. हात लावू नको."

तुम्हीही या आठवड्यात एक काम करा. वहीचं एक पान घ्या, बारा महिने लिहा, आणि शाळेच्या वाटेवर आज काय फुललंय आणि त्यावर कोण बसलंय, ते फाल्गुनाच्या रकान्यात टाका. पळस सध्या पेटलाय, तिथून सुरुवात करा. कोणता रकाना रिकामा राहतो ते मला कळवा.

गुरुवारी तो मुलगा माझ्याआधी वर्गात येऊन बसला होता. जुन्या पोळ्यावर माश्या येतात, पायांना काहीतरी लावून नेतात आणि सगळ्या एकाच बाजूला जातात, असं त्यानं एका दमात सांगितलं. दोन दिवस त्यांच्या मागं मागं जाऊन त्यानं नवं घर शोधून काढलं होतं. "कुठं आहे रे?" मी विचारलं. सगळा वर्ग कान टवकारून बसला.

त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मान हलवली. "नाही सांगत बाई. तुम्हालेबी नाही."